हात दाखवून अवलक्षण?

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याला घेऊन घरी आली. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी तिला दहावीला मराठी शिकवलं होतं. मागच्या बाकावर बसून ओढणीच्या काठाला गोंडे लावायची आणि त्यावरून माझी बोलणीही खायची. आता नांदेडच्या देगलूर नाका भागात राहते, ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर अकरा पानांचा इंग्रजी करार होता. "सर, ये सई करूं क्या नको?"

काम असं होतं. कपाळाला एक पट्टा बांधायचा, त्यात मोबाईल अडकवायचा आणि घरातली नेहमीची कामं करायची. कपड्यांच्या घड्या घाला, तांदूळ निवडा, कणीक मळा, बाटलीत तेल ओता, सुईत दोरा ओवा. स्वतःचा चेहरा दिसायला नको, दोन्ही हात मात्र सतत दिसले पाहिजेत. मंजूर झालेल्या चित्रणाला तासाला दोनशे रुपये. मधली एक कंपनी हे चित्रण रोबोट बनवणाऱ्यांना पोचवणार आणि ते पाहून रोबोट घडी घालायला शिकणार.

मी उर्दू आणि मराठीचा मास्तर. माझं इंग्रजी बी.एड.च्या पलीकडे फारसं गेलेलं नाही. तरी शब्दकोश घेऊन बसलो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, आणि मग त्या विषयानं मला सोडलंच नाही.

आमच्या मशिदीसमोरच्या हॉटेलात हा विषय मी मुद्दाम काढला. एका बुजुर्गांनी कपातला चहाही संपवला नाही. म्हणाले, "मास्टर, ये तो अपने हात से अपने पाँव पे कुल्हाड़ी मारना हुआ." मराठीत आपण याला हात दाखवून अवलक्षण म्हणतो. इथं तर ते शब्दशः खरं. हात दाखवायचा, तो बघून यंत्र शिकणार आणि उद्या त्याच हाताची रोजी जाणार. ऐकायला अगदी पटणारं आहे. मला ते पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण माझे अब्बा आहेत.

अब्बा पिंजारी होते. लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक ओटा, छताला टांगलेली धनुकली आणि कापसाच्या धुरळ्यानं पांढरा झालेला माणूस. तातीवर ठोका पडला की आवाज यायचा, आणि त्या आवाजावरून त्यांना कळायचं की कापूस किती मोकळा झाला, आत ओल आहे का, सरकीचा तुकडा राहिला का. मी शेजारी बसून अभ्यास करायचो, मला तो आवाज सगळा सारखाच वाटायचा. ते म्हणायचे, कान लाव. मी लावायचो, काही कळायचं नाही. दाभणानं गादीला टाके घालतानाही ते मोजत नसत. दोन टाक्यांमधलं अंतर त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या हिवाळ्यात रजयांची मागणी एकदम वाढली. एका माणसाच्या धनुकलीला ती झेपणारी नव्हती. शेजारच्या गल्लीत एकानं कापूस पिंजायचं यंत्र आणलं. दोन वर्षांत अब्बांच्या ओट्यावर फक्त जुन्या गाद्या उसवायचं काम उरलं. त्या यंत्राबद्दल मी त्यांना कधी शिव्या देताना ऐकलं नाही, कारण थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला रजई कशी पिंजली याच्याशी देणंघेणं नसतं हे त्यांना कळत होतं. एकच गोष्ट ते अधूनमधून बोलून दाखवायचे, "हमको पूछे भी नहीं."

आजवरचं प्रत्येक यंत्र असंच आलं. यंत्रमाग हातमागवाल्याला विचारून आला नाही. गिरणी जात्यावरच्या बाईला विचारून आली नाही. ते कारागिराचा हात टाळूनच बनवले गेले. त्या हाताला काय येतं, याची त्यांना गरजच नव्हती. आता पहिल्यांदा असं यंत्र आलंय की जे दारात उभं राहून म्हणतंय, तुम्ही हे कसं करता ते मला दाखवा. माझ्या दृष्टीनं सगळा फरक इथं आहे. जो दाखवायला सांगतो तो शागीर्द, आणि जो दाखवतो तो उस्ताद. मग व्यवहार उस्ताद-शागिर्दासारखा का होत नाही?

हे यंत्र आपल्या दारात का आलं, तेही समजून घ्यावं लागेल. लिहिण्या-बोलण्याचं काम करणाऱ्या संगणकांना जगभरचा मजकूर इंटरनेटवर आयता मिळाला. हातांचा असा साठा कुठंच नाही. रोटी लाटताना मनगट किती वळतं हे कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, कारण लिहिणाऱ्यालाही ते शब्दांत ठाऊक नसतं. हान्स मोराव्हेक या रोबोटशास्त्रज्ञानं १९८८ मध्येच म्हणून ठेवलंय की बुद्धिबळासारख्या ज्या गोष्टी आपल्याला अवघड वाटतात त्या यंत्राला सोप्या जातात आणि वर्षभराच्या लेकराला जमतात त्या अवघड जातात. शर्टाची घडी ही त्या अवघड गोष्टींपैकी एक. लाकडाचा ठोकळा जिथं ठेवाल तिथं राहतो, कापड प्रत्येक वेळी वेगळं पडतं.

म्हणून माणसांकडून प्रात्यक्षिकं गोळा करायची कल्पना निघाली. २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अजय मंडलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रोबोटर्क' नावाची व्यवस्था बनवली. तुम्ही कुठंही बसा, संगणकाच्या पडद्यावर रोबोटचा हात बघा आणि तुमचा मोबाईल हवेत हलवा. मोबाईल जसा वळेल तसा तो हात वळतो, उचलतो, ठेवतो. एकाच वेळी बरेच लोक जोडले गेल्यामुळं व्यवस्था अवघे २२ तास चालली तरी १३७ तासांचं काम जमा झालं, त्यात २,२०० च्या वर यशस्वी प्रात्यक्षिकं होती. पुढच्या वर्षी त्यांनी खऱ्या रोबोटवर हाच प्रयोग केला. ५४ माणसं, एक आठवडा, १११ तास. त्यातलं एक काम होतं चोळामोळा झालेलं कापड पसरून सरळ करायचं. माझ्या विद्यार्थिनीच्या करारातही पहिलं काम कपड्यांचंच होतं.

'रोबोटर्क'मधल्या 'टर्क'पाशी मी थांबलो. हा तुर्क कोण? १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलन या माणसानं बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं. पेटीमागं बसलेला लाकडी पुतळा, अंगात तुर्की झगा, डोक्याला पगडी. तो भल्याभल्यांना हरवायचा. लोक चकित व्हायचे. खरं तर पेटीच्या आत एक जिवंत खेळाडू दडून बसलेला असायचा. अमेझॉननं २००५ मध्ये लोकांकडून इंटरनेटवर तुकड्या-तुकड्यानं काम करून घेणारी सेवा सुरू केली तेव्हा तिला याच पुतळ्याचं नाव दिलं, मेकॅनिकल टर्क. रोबोटर्क हे त्याच नावाचं पुढचं रूप. (आमच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षातून दोनदा अल्-जझरीचं चित्र फिरतं. १२०६ साली त्यानं यंत्रांवर ग्रंथ लिहिला, त्यात वजूसाठी पाणी ओतणाऱ्या यंत्राचाही आराखडा आहे. अभिमान जरूर बाळगा. पण पगडीवाल्या पुतळ्याच्या पेटीत आज कोण बसलंय, याचीही चौकशी करा.) नाव ठेवणाऱ्यांनी गंमतीत ठेवलं असेल. पण बाहेर यंत्राचं कौतुक आणि आत घाम गाळणारा माणूस अदृश्य, ही गोष्ट त्यांनी स्वतःच नावात लिहून ठेवली आहे.

ती पेटी आता आपल्याकडंही आली आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या 'ईगोफोरडी' या संग्रहासाठी ९ देशांतल्या ७४ ठिकाणच्या ९३१ माणसांनी डोक्यावर कॅमेरे लावून ३,६७० तासांचं रोजचं जगणं टिपलं, आणि त्यात हैदराबादची ट्रिपल आयटी सामील होती. तो संशोधनाचा उपक्रम. धंद्याचं उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूतल्या करूरकडं बघा. करूर हे टॉवेल आणि चादरींचं गाव. तिथं एका कंपनीत तरुण मुलं कपाळाला कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात, दिवसभर, त्याच त्या क्रमानं, आणि ते चित्रण अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी तयार होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं ही बातमी दिली. ज्या गावानं जगाला टॉवेल विणून दिले तेच गाव आता टॉवेलची घडी शिकवतंय.

बी.एड.ला आम्हाला अल्बर्ट बांडुरा शिकवला होता. मूल निरीक्षणातून शिकतं, समोरच्याचं बघून करतं, वगैरे. परीक्षेत पाच गुणांची टीप यायची. वर्गात वीस वर्षं काढल्यावर कळलं की टिपेत अर्धीच गोष्ट होती. बघून करणारं मूल बघितलेलं तेवढंच करतं. फळ्यावरचं गणित हुबेहूब उतरवतं आणि आकडे बदलले की अडतं. लातूर पॅटर्नच्या सावलीत वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. सराव संचातला प्रश्न आला तर पैकीच्या पैकी, जरा वळवून विचारला तर पेन थांबलं.

रोबोटचंही नेमकं हेच होतं. माणूस प्रात्यक्षिक देतो तेव्हा ते बरोबरच देतो. मग यंत्राला कधी चुकलेली स्थिती दिसतच नाही. प्रत्यक्ष करताना ते बोटभर सरकतं आणि त्यानं कधी न पाहिलेल्या जागी पोचतं. तिथं आणखी चुकतं, आणि चूक वाढत जाते. २०११ मध्ये स्टेफान रॉस, जेफ्री गॉर्डन आणि ड्रू बॅग्नेल या तिघांनी यावर जो उपाय मांडला तो वाचून मला हसू आलं, कारण तो प्रत्येक मास्तरला ठाऊक आहे. शागिर्दाला स्वतः करू द्या, तो कुठं चुकतो ते बघा आणि त्या चुकीच्या जागी बरोबर काय ते उस्तादानं सांगा. ते पुन्हा शिकवणीत मिळवा. म्हणजे वह्या तपासणं. लाल शाई.

आणखी एक गोष्ट त्यांच्याच संशोधनातून पुढं आली, आणि ती पैशाच्या प्रश्नाला थेट भिडते. मंडलेकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. सहा माणसांकडून एकाच कामाची प्रत्येकी ५० प्रात्यक्षिकं घेतली. दोघांचा हात चांगला, दोघांचा बरा, दोघांचा अडखळणारा. सरसपणे शिकलं ते चांगल्या हातांकडून शिकलेलं यंत्र. म्हणजे हात कुणाचा आहे याला किंमत आहे. दुसऱ्या कुणी नाही, हे त्या क्षेत्रातल्याच लोकांनी मोजलं आहे. मग करार मात्र तासावर. हातात वीस वर्षांचा हुनर असलेल्या शिंपिणीला आणि काल सुई धरलेल्या पोरालाही तासाला तेवढेच. आणि वर अकरा पानांच्या करारात त्या कामाचं वर्णन काय होतं? 'साधं घरकाम'.

ही जुनीच चाल आहे. आमच्या समाजातल्या कितीतरी बिरादऱ्यांची नावंच हातांच्या कामावरून पडली. पिंजारी, मणियार, कसाब, रंगरेज, अत्तार. मराठी गावगाड्यातल्या बलुतेदारांचंही तेच. पण शिक्षणाचा फॉर्म भरताना वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'अशिक्षित' लिहिलं. आवाजावरून कापसाची ओल सांगणारा माणूस अशिक्षित. तोच रकाना आता करारात आलाय.

मला काही जण म्हणतील, मास्तर, उगाच भांडण काढता, दोनशे रुपये तरी कुठं मिळतात? बरोबर आहे. एक ब्लाऊज शिवायला तिला किती वेळ लागतो आणि किती सुटतात हे मलाही माहीत आहे. म्हणूनच मी तिला नको म्हणालो नाही. पण दुसरा रस्ता अस्तित्वात आहे, तोही मराठीतच सुरू झाला, हे फार थोड्यांना माहीत आहे.

संगणकाला बोलणं ऐकायला शिकवायचं तर माणसांचे आवाज लागतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'कार्या' नावाच्या प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या आणि शहरातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना मोबाईलवर मराठी वाक्यं वाचायला दिली. ३६ माणसांनी मिळून १०९ तासांचं मराठी बोलणं जमवलं. २०२० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या मोबाईलवर, गावात बसून, साधी माणसं हे काम नीट करू शकतात हे त्यातून दिसलं. पुढं 'कार्या' ही बंगळुरूची स्वतंत्र संस्था झाली. तिनं तासाला निदान पाच डॉलर, म्हणजे आपले चारशेच्या वर रुपये, असा दर ठेवला आणि आणखी एक गोष्ट केली. तो डेटा पुन्हा दुसऱ्या कुणाला विकला गेला की ज्यांचा आवाज आहे त्यांना पुन्हा पैसे. लेखकाला आवृत्तीमागं मानधन मिळतं तसं.

आवाजाला हे जमतं तर हाताला का नाही? तिच्या करारात मला जे कलम सापडलं ते याच्या अगदी उलट होतं. चित्रणावरचा हक्क कायमचा, जगभर, कुणालाही पुढं देता येईल असा, आणि मोबदला एकदाच. एक घडी एकदा विकली की ती हजार यंत्रांत गेली तरी तिचा संबंध संपला. आमच्या गॅरेजमध्ये पाने धुणारं पोरगंसुद्धा स्वतंत्र धंदा सुरू केल्यावर पहिल्या दिवसाची कमाई उस्तादासमोर ठेवतं. उस्ताद त्यातले दहा रुपये घेतो, उरलेले परत करतो. दहा तरी घेतोच.

आता पडद्याची गोष्ट, कारण ती काढल्याशिवाय आमच्याकडं हा विषय पुढं सरकत नाही. हॉटेलातल्या दुसऱ्या एकाचा आक्षेप होता की घरातल्या बाईचं चित्रण परक्यांकडं जाणार. मी त्याला सांगितलं, कॅमेरा तिच्या कपाळावर आहे, तिचे फक्त हात दिसतात. ज्यांचा चेहरा दिसणार ते तिला सोडून बाकीचे सगळे. नमाजला बसलेली सासू, आंघोळ करून आलेलं लेकरू, खाटेवर आजारी पडलेले सासरे, भिंतीवरचं रेशनकार्ड. सही एकीची, घर सगळ्यांचं. हा प्रश्न फक्त बुरख्याचा नाही. देगलूर नाक्यावरच्या घरात असो की लातूरच्या औसा रोडवरच्या एखाद्या देशपांड्यांच्या घरात, स्वयंपाकघर कुणालाच जगापुढं मांडायचं नसतं.

कायद्यात याबद्दल एक काम होण्यासारखं कलम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती मागताना ती साध्या भाषेत मागावी आणि इंग्रजीबरोबरच आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी. आठव्या अनुसूचीत मराठी आहे आणि उर्दूही आहे. म्हणजे मी आयुष्यभर ज्या दोन भाषा शिकवल्या त्या दोन्हीत तिला हा कागद मागता येईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत आहे. दिलेली संमती परत घेण्याचाही हक्क त्यात आहे. तो वाचून मात्र मला मास्तर म्हणून शंका आली. चित्रण पुसता येईल, पण ते बघून यंत्र जे शिकलं ते कसं परत घेणार? शिकवलेलं काढून घेता येत नाही. म्हणून जे काही ठरवायचं ते शिकवण्याआधीच ठरवायला हवं.

आधी ठरवलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड विणलं जातं आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे तिरंगे तयार होतात. शाळेच्या सहलीला मी मुलांना ते बघायला नेलं होतं. अशोकचक्र दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळलं पाहिजे, शिवण कुठं यावी याचंही माप ठरलेलं. पूर्वी तिरंगा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच असावा असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचाही चालू लागला. पुढच्या वर्षी घरोघरी तिरंगे लागले तेव्हा कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीतल्या ध्वज केंद्रानं उघड निषेध केला. इथं खादीचा हात यंत्रापुढं कमी पडला नव्हता. कागदावरची एक ओळ बदलली होती. हाताची किंमत बाजारापेक्षाही बऱ्याचदा अशा ओळी ठरवतात. त्या लिहिल्या जातात तेव्हा हातवाले खोलीत नसतात.

हॉटेलातल्या बुजुर्गांना मी हेच सांगितलं. आपण नाही दाखवला तर करूर दाखवील, करूरनं नाही तर आणखी कुणी. हात लपवून रोजी वाचत नाही. अब्बांचा हात कुणीच बघितला नव्हता, तरी त्यांची रोजी गेलीच. आपल्या हातात एवढंच आहे की शिकवणी देताना शिकवणीसारखी द्यायची. एकटीदुकटीनं सही करू नये, मोहल्ल्यातल्या दहा-वीस जणींनी मिळून बोलावं. कागद मराठीत किंवा उर्दूत मागावा. घरात चित्रण करू नये, कंपनीनं जागा द्यावी. आणि पुन्हा विक्री झाली तर पुन्हा हिस्सा, ही ओळ करारात असावी. बचतगट चालवणाऱ्या बायांना यातलं काहीच नवीन नाही. बुजुर्ग म्हणाले, कंपनी ऐकेल? मी म्हटलं, एकटीचं नाही ऐकणार.

खरं सांगायचं तर दहा-वीस जणी जमल्या नाहीत. चार जमल्या. मी त्यांना मराठीत एक अर्ज लिहून दिला, उर्दूतही दिला. कंपनीच्या स्थानिक माणसानं तो व्हॉट्सॲपवर बघितला, दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही. माझ्या विद्यार्थिनीला मार्चमध्ये मुलाची फी भरायची होती. तिनं सही केली. घरी मात्र करणार नाही म्हणाली आणि ते पाळलं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, नणंदेला बाहेर बसवून ती घड्या घालायची.

ईदनंतर शिरखुर्म्याचा डबा घेऊन पुन्हा आली. पैसे आले होते, ठरल्यापेक्षा कमी. बरंच चित्रण खारीज झालं होतं. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य परत परत, पद्धत चुकीची. ओढणी त्यांना चार कोपरे जुळवून, मधोमध मोडून हवी होती. ही आधी लांबीत दुमडायची, मग दोन्ही टोकं आत घ्यायची, गोंडे बाहेर लोंबू नयेत म्हणून. तिच्या अम्मीनं तशीच शिकवली होती.

"सर, मेरी घडी गलत है क्या?"

मी म्हटलं, करून दाखव. तिनं पिशवीतून एक ओढणी काढली, टेबलावरच्या माझ्या वह्या बाजूला सारल्या आणि घडी घातली. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती पुढं आली, तिनं घडी उलगडली आणि स्वतः पुन्हा घातली. तशीच.